लिनक्ससाठी व्हीपीएन: पैसे भरण्याआधी काय बघायचं

लॅमिंग्टन रोडच्या एका आतल्या गल्लीत माझा गाळा आहे. जुने लॅपटॉप दुरुस्त करते, रॅम-एसएसडी बदलते, आणि जे मशीन विंडोज ११ ला चालत नाही त्यावर लिनक्स टाकून देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून हे काम बरंच वाढलंय. बहुतेकांना मी मिंट देते, थोड्यांना उबुंटू, हट्टी पोरांना फेडोरा. मशीन ताब्यात घेताना हमखास विचारतात, "ताई, व्हीपीएन कुठलं घेऊ?" व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेट वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत बाहेर सोडणारी सेवा.

कंपनीचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी एक अट सांगते: जी सेवा तुम्हाला वायरगार्डची (व्हीपीएन जोडणीची एक पद्धत) साधी कॉन्फिग फाइल, म्हणजे जोडणीची माहिती लिहिलेली फाइल, डाउनलोड करून देते, तिच्याकडेच पैसे भरायचे. सर्व्हर किती देशांत आहेत, तीन वर्षांच्या प्लॅनवर किती टक्के सूट आहे, यूट्यूबवर कोण तिची जाहिरात करतंय, हे सगळं त्यानंतर. या अटीमागचं कारण पुढे येईल. त्याआधी दुसरंच एक विचारून घेते.

हवंय कशाला?

दादरचे एक काका आले होते. बँकेचा पासवर्ड कोणी चोरू नये म्हणून व्हीपीएन हवं म्हणाले. मी म्हटलं, काका, बँकेची साइट आधीपासून एचटीटीपीएसवर आहे, तुमचा पासवर्ड वाटेत कुणाला दिसत नाही. तो चोरीला जातो तो खोट्या लिंकवर क्लिक केल्यानं किंवा फोनवर ओटीपी सांगितल्यानं, आणि तिथं व्हीपीएन काहीच करत नाही. त्यांचे पैसे वाचले.

एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीला कॉलेजच्या लायब्ररीतले जर्नल घरून वाचायचे होते. त्यासाठी कॉलेजच स्वतःचं व्हीपीएन किंवा लॉगिन देतं, बाजारातलं घेऊन उपयोग नाही. आणखी एकाला ऑफिसातून घरच्या मशीनपर्यंत पोचायचं होतं. आपल्याकडच्या केबल ब्रॉडबँडवर बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, अख्खी बिल्डिंग, कधी अख्खा विभाग एकाच आयपीमागे असतो. अशा कामाला आपलीच मशीन एकमेकांना जोडणारं टेलस्केल चांगलं, घरगुती वापराला फुकट आहे. "फुकट पिक्चर बघायचेत" म्हणणाऱ्याला मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

मग खरं गिऱ्हाईक कोण? पार्ल्याच्या एक वकीलबाई आहेत, त्या दिवसभर कॅफे, हॉटेल, विमानतळ असल्या परक्या वाय-फायवर अशिलांची कागदपत्रं हाताळतात. एक पत्रकार आहे, त्याला आपण कुठल्या साइट बघतोय हे इंटरनेटवाल्याला कळू द्यायचं नाही. परदेशी कंपन्यांसाठी वेबसाइट बनवणारा एक मुलगा आहे, त्याला जर्मनीतून पान कसं दिसतं ते तपासायचं असतं. ही तिन्ही कामं रास्त.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एचटीटीपीएस असलं तरी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते नाव डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) आणि जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतून इंटरनेटवाल्याला दिसतं. व्हीपीएन लावलं की त्याला फक्त एका सर्व्हरशी चाललेली कुलूपबंद वाहतूक दिसते. पण आधी जे त्याला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. एवढाच व्यवहार आहे. गूगलमध्ये लॉगिन असाल तर गूगलला तुम्ही तुम्हीच आहात, मग आयपी आइसलँडचा असो की अंबरनाथचा.

आणि कायद्याचं विचारतात म्हणून सांगते: भारतात व्हीपीएन वापरणं हा सरसकट गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी तात्पुरती बंदी येते, तिकडे जाताना बघून जा. एरवी जे व्हीपीएनशिवाय बेकायदा ते व्हीपीएन लावूनही बेकायदाच.

"मुंबईत सर्व्हर आहे" म्हटलं की सावध

वेगासाठी मुंबईतलाच सर्व्हर असावा असं सगळ्यांना वाटतं. इथे २०२२ चा इतिहास माहीत हवा. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी खाली निर्देश काढले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचं कारण ही माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. अंमलबजावणी आधी जूनअखेर होणार होती, ती २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत पुढे गेली. ऑफिसांची आपापली अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली होती, पण तुम्हा-आम्हाला विकली जाणारी सेवा या नियमात आली.

त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले. आजही त्यांच्यातल्या काहींच्या यादीत "इंडिया" दिसतं, पण ते आभासी ठिकाण: मशीन सिंगापूरसारख्या ठिकाणी आणि आयपी तेवढा भारतीय. म्हणजे गिरगावातून निघालेली वाहतूक समुद्रापार जाऊन भारतीय पाटी लावून परत येते. परदेशात राहून भारतीय साइट बघायच्या असतील तर छान. मुंबईत बसून वेगासाठी घ्याल तर फसाल.

मग एखादी सेवा "आमचा सर्व्हर खुद्द मुंबईत, आणि आम्ही काहीच नोंद ठेवत नाही" असं दोन्ही एका दमात म्हणत असेल तर तिला सरळ ईमेल करून विचारा की २०२२ च्या निर्देशांचं पालन कसं करता. धड उत्तर आलं नाही तर सोडून द्या. स्वतः व्हीपीएस, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर, भाड्यानं घेऊन त्यावर वायरगार्ड टाकणारेही असतात. शिकायला उत्तम, पण त्या सर्व्हरवर एकटे तुम्हीच आणि भाड्याची पावतीही तुमच्याच नावावर, तेव्हा लपण्यासाठी त्याचा उपयोग शून्य.

फाइल देता का?

आता माझी अट. वायरगार्ड हा जेसन डोनेनफेल्डनं लिहिलेला प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाला. म्हणजे आज तुम्ही मिंट २२ किंवा उबुंटू २४.०४ टाकलंत तर व्हीपीएनचं मुख्य इंजिन आधीच आत आहे. नेटवर्कमॅनेजर, म्हणजे पॅनेलवरच्या वाय-फायच्या चिन्हामागे जो प्रोग्राम असतो तो, २०१९ पासून वायरगार्ड ओळखतो. कंपनीकडून हवी असते ती पाच-दहा ओळींची एक फाइल: तुमची खासगी किल्ली, तुम्हाला दिलेला आतला पत्ता, डीएनएस, सर्व्हरची सार्वजनिक किल्ली, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट.

याचा फायदा मला गाळ्यात रोज दिसतो. विंडोज आणि फोनसाठी कंपन्या जीव ओतून ॲप बनवतात, लिनक्सच्या वाट्याला बऱ्याचदा उरलंसुरलं येतं. उबुंटूची नवी आवृत्ती आली की कंपनीचं ॲप महिनोन्महिने त्यावर चालत नाही, एखादी लायब्ररी बदलली की उघडतच नाही. फाइलला यातलं काही होत नाही. शिवाय माझ्याकडे येणारी निम्मी मशीन चार जीबी रॅमची. तिथं व्हीपीएनचं भारीभक्कम ॲप सतत उघडं ठेवणं म्हणजे फायरफॉक्सच्या तोंडचा घास काढणं. कर्नलमधलं वायरगार्ड मात्र जाणवतही नाही.

मी हे लिहिते आहे तेव्हा मुलवाड, आयव्हीपीएन, प्रोटॉन आणि सर्फशार्क अशी फाइल देतात. नॉर्ड देत नाही. त्यांचं नॉर्डलिंक्स वायरगार्डवरच बांधलेलं आहे, पण ते त्यांच्या प्रोग्राममधूनच वापरावं लागतं. हातानं जोडणी करायची तर ओपनव्हीपीएनच्या फाइल मिळतात. त्यांचा लिनक्स प्रोग्राम २०२३ पासून ओपन सोर्स आहे आणि चालतो बरा, हेही खरं. ओपनव्हीपीएनला मी नावं ठेवत नाही, २००१ पासून चालत आलेली गोष्ट आहे. पण जुन्या प्रोसेसरवर त्याचा वेग पडतो, आणि आता काही सेवा त्याला निरोप देतायत. मुलवाडनं जानेवारी २०२६ मध्ये ते बंद केलं. नव्यानं घेताय तर वायरगार्डच घ्या.

फाइल घेतल्यावर करायचं काय, ते क्रमानं सांगते.

फाइलचं नाव छोटं ठेवा. तेच नाव नेटवर्क इंटरफेसला लागतं आणि लिनक्समध्ये ते पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. कंपन्या लांबलचक नावाची फाइल देतात, ती तशीच घातली की चूक दाखवतं आणि माणूस घाबरतो. शहराचं चार-पाच इंग्रजी अक्षरी नाव पुरे. मग टर्मिनलमध्ये एनएमसीएलआय (nmcli) या आज्ञेनं कनेक्शन इम्पोर्ट करायचं, प्रकार वायरगार्ड सांगायचा आणि फाइलचा पत्ता द्यायचा. एका ओळीत काम होतं. इम्पोर्ट होताक्षणी ते चालू होतं, आणि पुढे दर वेळी मशीनबरोबर आपोआप सुरू होतं. नको असेल तर त्या कनेक्शनचं ऑटोकनेक्ट बंद करा. मग वाय-फायच्या चिन्हातूनच चालू-बंद करता येईल.

ही फाइल म्हणजे घराची किल्ली आहे, कारण खासगी किल्ली तिच्यात उघडी लिहिलेली असते. लोक ती व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात. नका करू. परवानगी फक्त स्वतःला वाचता येईल अशी ठेवा, आणि दुसऱ्या मशीनसाठी कंपनीच्या पानावरून वेगळी फाइल बनवा. प्रोटॉनच्या फाइलला मुदत असते, ती तारीख त्यांच्या खात्याच्या पानावर दिसते. कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर एका सकाळी सगळं ठप्प होईल आणि तुम्ही राउटरला शिव्या घालत बसाल.

आता फाइल उघडून "अलाउड आयपीज" (AllowedIPs) ही ओळ बघा. तिथं चार शून्यांचा आयपीव्ही४ पत्ता असतोच. त्याच्या पुढे दोन अपूर्णविराम, तिरपी रेघ आणि शून्य, असा आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, भागही हवा. हे मुंबईत फार महत्त्वाचं, कारण जिओ आणि एअरटेल दोन्ही आयपीव्ही६ सढळ हातानं देतात. तो भाग नसेल तर तुमची अर्धी वाहतूक व्हीपीएनला वळसा घालून सरळ बाहेर पडते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. जी कंपनी आयपीव्ही६ साठी काहीच करत नाही, वाहून नेत नाही आणि अडवतही नाही, ती लिनक्ससाठी नापास.

दुसरी अडचण: जोडणी झाली, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. नव्वद टक्के वेळा दोष एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा. वायरगार्ड सहसा १४२० धरतं. आपल्याकडच्या केबल ब्रॉडबँडवर युजरनेम-पासवर्ड घालून पीपीपीओई जोडणी असते, तिथं मूळ मर्यादाच १५०० ऐवजी १४९२. त्यात व्हीपीएनची जोडणी आयपीव्ही६ वरून गेली तर पाकीट मावत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवरही हेच. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयू १२८० करा. वेगात फरक कळणार नाही, लटकणं थांबेल.

डीएनएस तपासायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस (resolvectl status) ही आज्ञा द्या. व्हीपीएनच्या इंटरफेसखाली कंपनीचा डीएनएस दिसला पाहिजे. फायरफॉक्सची स्वतःची सुरक्षित डीएनएसची सोय वेगळीच असते, ती चालू असेल तर ब्राउझर यातलं काही मानत नाही, तेही बघा.

किल स्विच, आणि ॲप कधी घ्यावं

फाइलच्या मार्गाची सगळ्यात मोठी उणीव: नेटवर्कमॅनेजरमध्ये किल स्विच, म्हणजे व्हीपीएन पडताच इंटरनेट अडवणारी सोय, नाही. व्हीपीएन पडलं की वाहतूक गुपचूप उघड्या वाटेनं सुरू होते. घरी बसून जर्मन पान तपासणाऱ्या मुलाला याचं काही नाही. वकीलबाईंना आहे.

हातानं करायचं तर यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये बाहेर जाणारी सगळी वाहतूक मुळातच बंद करायची, मग दोनच वाटा उघडायच्या: व्हीपीएनच्या इंटरफेसवरून काहीही, आणि व्हीपीएन सर्व्हरच्या आयपीला त्याच्या पोर्टवर. फाइलमध्ये सर्व्हरचं नाव असेल तर त्याजागी आयपी लिहा, कारण बंद दाराआड बसून नाव शोधता येत नाही. घरचा प्रिंटर वापरायचा तर घरच्या नेटवर्कला तिसरी वाट. वायरगार्डबरोबर येणाऱ्या डब्ल्यूजी-क्विकच्या मॅन्युअल पानावरही किल स्विचचं तयार उदाहरण आहे.

हे जमणार नसेल तर ॲप घ्या, त्यात लाज कसली. मुलवाडच्या ॲपमध्ये लॉकडाउन मोड (व्हीपीएन नसेल तर इंटरनेटच बंद) आहे, प्रोटॉनच्या लिनक्स ॲपमध्ये किल स्विचचा कडक प्रकार आहे. परक्या वाय-फायवर हे का हवं त्याचं एक कारण मे २०२४ मध्ये उघड झालं. टनेलव्हिजन असं नाव पडलेल्या त्या त्रुटीत वाय-फाय चालवणारा माणूस डीएचसीपीच्या (वाय-फाय मशीनला पत्ता देतं ती पद्धत) १२१ क्रमांकाच्या पर्यायातून तुमच्या मशीनला भलतेच रस्ते शिकवू शकतो. व्हीपीएन "जोडलंय" असं दाखवत राहतं आणि वाहतूक मात्र बाहेरून जाते. लिनक्सही त्यात सापडतो. फायरवॉलवर आधारलेला किल स्विच असेल तर ती वाहतूक उघडी जाण्याऐवजी अडते.

ॲपचं आणखी एक काम म्हणजे अडवलेल्या वाय-फायमधून वाट काढणं. वायरगार्ड यूडीपीवर, म्हणजे पाकिटं पाठवण्याच्या एका पद्धतीवर, चालतं. काही हॉटेलं, कॉलेजं, ऑफिसं यूडीपी बंद ठेवतात, तिथं नुसती फाइल डोकं आपटत बसते. मुलवाडचं ॲप तीच वाहतूक टीसीपी या दुसऱ्या पद्धतीत किंवा शॅडोसॉक्स या अडथळा चुकवणाऱ्या आवरणात गुंडाळून पाठवू शकतं. त्यात एखादा प्रोग्राम व्हीपीएनबाहेर ठेवायची सोयही लिनक्सवर आहे, आणि आपल्याकडे तिची गरज पडतेच: बऱ्याच सरकारी साइट परदेशी आयपीला उघडत नाहीत, बँकाही कधी अडून बसतात. दर वेळी व्हीपीएन बंद करण्यापेक्षा एक ब्राउझर बाहेर ठेवलेला बरा.

ॲप कुठून घ्यायचं यात कंजूषी नको. कंपनीच्या स्वतःच्या डेब किंवा आरपीएम रिपॉझिटरीतून (तुमच्या लिनक्सच्या प्रकारातल्या पॅकेजांचं कोठार) घ्या, म्हणजे सिस्टिमच्या अपडेटबरोबर तेही ताजं राहतं. फ्लॅटहब किंवा स्नॅप स्टोअरवर तेच नाव दिसलं तरी ते कंपनीनंच टाकलंय की कुणा हौशी माणसानं, हे पडताळल्याशिवाय नको. मिंटवाल्यांसाठी खास सूचना: रिपॉझिटरी जोडायच्या तयार आज्ञा मशीनला आवृत्तीचं टोपणनाव विचारतात. मिंट २२ उत्तर देतं "विल्मा", कंपनीच्या सर्व्हरवर असतं उबुंटूचं "नोबल". म्हणून अपडेटला चूक येते. यादीच्या फाइलमध्ये विल्मा खोडून नोबल लिहा, झालं.

लिनक्सचा एक फायदा इथं दिसतो. जानेवारी २०२५ च्या सुमारास भारतातल्या ॲपल आणि गूगलच्या दुकानांतून क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ सह अनेक व्हीपीएन ॲप गायब झाली. आपल्या डेस्कटॉपवर असं मधलं दुकान सक्तीचं नाही.

कंपनी पारखायची कशी

"नो लॉग्ज" हे शब्द प्रत्येकाच्या पाटीवर असतात. प्योरव्हीपीएनच्याही होते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन छळाच्या प्रकरणात एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रातून दिसलं की तिच्या नोंदींवरून माणसाचा माग लागला. तो आरोपी काही सहानुभूतीला पात्र नव्हता, पण पाटी आणि व्यवहार यांत अंतर असू शकतं हे कळलं. उलट उदाहरण मुलवाडचं. १८ एप्रिल २०२३ ला स्वीडनचे पोलिस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात गेले आणि ग्राहकांची माहिती नाही म्हटल्यावर रिकाम्या हातानं परतले. असा प्रसंग, बाहेरच्या संस्थेचं ऑडिट, आणि लिनक्स ॲपचा उघडा सोर्स, या तीन गोष्टींना मी मान देते. ऑडिटचा अहवाल मात्र स्वतः उघडून बघा. कशाचं ऑडिट झालंय, फक्त ब्राउझर एक्स्टेन्शनचं की सर्व्हरचं?

मालक कोण तेही बघा. एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या तिन्ही केप टेक्नॉलॉजीजच्या. नॉर्ड आणि सर्फशार्क २०२२ मध्ये एकाच छत्राखाली आल्या. आणि केपनं २०२१ मध्ये व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइटची कंपनीही विकत घेतली, तेव्हा "या वर्षीची सर्वोत्तम दहा" या याद्या मी वाचतच नाही.

फुकटाबद्दल: २०१५ मध्ये होला या फुकट सेवेबद्दल कळलं की तिच्या वापरकर्त्यांची बँडविड्थ दुसऱ्यांना विकली जातेय. फुकट हवंच असेल तर प्रोटॉनचं घ्या. डेटाची मर्यादा नाही, त्याचा खर्च पैसे भरणारे ग्राहक उचलतात. देश निवडायची मोकळीक नाही आणि गर्दीच्या वेळी मंद चालतं, पण प्रामाणिक आहे.

वेग

मुंबईतून सिंगापूरला जाऊन यायला साठ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, पश्चिम युरोपला त्याच्या दुप्पट, अमेरिकेला दोनशेच्या वर. नुसतं ब्राउझिंग असेल तर सिंगापूर घ्या. युरोपची वाट तांबड्या समुद्रातून जाते हेही लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ एसएमडब्ल्यू४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबल तुटल्या, दोन्ही मुंबईला लागतात. अशा वेळी युरोपचा सर्व्हर रडत असेल तर पूर्वेकडचा लावायचा, कंपनीला फोन करून उपयोग नाही. म्हणून आशियात निदान दोन-तीन ठिकाणं असलेली सेवा बघा. बाकी शंभर देश तुमच्या कामाचे नाहीत.

पैसे

मुलवाड महिन्याला पाच युरो घेतं, २००९ पासून तेवढेच, कितीही महिन्यांचे घ्या. खात्याला ईमेलही लागत नाही, एक आकडा मिळतो. तो जपा, हरवला तर खातं गेलं. बाकी बहुतेकांचा दोन-तीन वर्षांचा प्लॅन स्वस्त दिसतो आणि नूतनीकरणाला दर उडी मारतो. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचा.

कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, नवी कार्डं ते बंद ठेवूनच येतात. रुपे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. किमतीवर काही ठिकाणी १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार वर. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या ई-मॅन्डेट नियमांमुळे परदेशी आपोआप वसुली कधी कधी फसते. मला विचाराल तर ते बरंच आहे, दर महिन्याला हातानं भरा.

पहिल्या महिन्यात

एक महिन्याचाच प्लॅन घ्या, किंवा तीस दिवसांत पैसे परत देणारा, आणि स्वतःच्या लाइनवर छळून बघा. संध्याकाळी नऊला, सगळी बिल्डिंग क्रिकेट बघत असताना वेग मोजा. आयपीलीक डॉट नेटवर जाऊन आयपीव्ही४, आयपीव्ही६ आणि डीएनएस तिन्ही बघा. लॅपटॉपचं झाकण बंद करून तासाभरानं उघडा, जोडणी परत येते का? घरच्या वाय-फायवरून फोनच्या हॉटस्पॉटवर जा. व्हीपीएन चालू असताना राउटर बंद-चालू करा आणि मधल्या वेळात टर्मिनलमधलं पिंग उत्तर देतंय का ते बघा. किल स्विच असेल तर एकही उत्तर यायला नको. सपोर्टला एक तांत्रिक प्रश्न लिहा, उदाहरणार्थ एमटीयूचा. "ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका" असं उत्तर आलं तर तिथं लिनक्स जाणणारं कोणी नाही.

आता नावं. वकीलबाईंना मी मुलवाडचं ॲप लॉकडाउन मोडसह बसवून दिलं. पत्रकाराला आयव्हीपीएन किंवा मुलवाड, दोन्ही चालतील असं सांगितलं, त्यानं आयव्हीपीएन घेतलं. जर्मन पानं बघणारा मुलगा प्रोटॉनच्या फाइलवर आहे. ज्यांना कधीमधी रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर ईमेल बघायची असते, त्यांना प्रोटॉनचं फुकटचं पुरतं.

पसंत पडलं नाही तर पैसे परत मागताना तिसावा दिवस येऊ देऊ नका, वेळेच्या फरकात तो हातचा निसटतो. पंचविसाव्या दिवशी ईमेल टाका, खात्याच्या पानावरचं ऑटो-रिन्यू बंद करा, बँकेच्या ॲपमध्ये मॅन्डेट राहिलंय का बघून तेही रद्द करा, आणि नेटवर्कमॅनेजरमधलं ते कनेक्शन व डाउनलोड फोल्डरमधली किल्लीची फाइल पुसून टाका.